किशोरांच्या कादंबऱ्या, अमानवी नायक आणि छत्तीस वर्षांची वाचक

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३६. गेली चार-पाच वर्षं तुम्ही जवळजवळ फक्त यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे किशोरांसाठीच्या, कादंबऱ्या वाचता. त्यातही व्हॅम्पायर (रक्त पिणारे पिशाच्च), वेअरवुल्फ (लांडग्याचं रूप घेणारा माणूस), शापित देवदूत अशा अमानवी पात्रांच्या प्रेमकथा तुम्हाला जास्त आवडतात. बहीण विचारते, "अजून हेच वाचतेस?" प्रवासात तुम्ही पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालता. एका मालिकेवर रागावल्याचंही तुम्ही पत्रात लिहिलं आहे. तुम्हाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: हे एवढं का आवडतं, अलीकडे सगळी पुस्तकं एकसारखीच का वाटायला लागली, आणि तेरा वर्षांची भाची तुमच्या कपाटातलं पुस्तक मागते आहे तर तिला काय द्यावं.

मी २६ वर्षं ग्रंथालयात काम करते आहे, त्यातली १९ किशोर विभागात. हे प्रश्न मला काउंटरवर नेहमी विचारले जातात, आणि बहुतेक वेळा आवाज खाली करूनच. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या कव्हरबद्दल. पुस्तक-बाजाराची आकडेवारी ठेवणाऱ्या बोकर या अमेरिकी संस्थेने २०१२ साली एक पाहणी केली होती. १२ ते १७ वयासाठी म्हणून काढलेल्या पुस्तकांच्या खरेदीदारांमध्ये ५५ टक्के लोक १८ किंवा त्याहून मोठे निघाले. त्यात सर्वांत मोठा गट ३० ते ४४ वयाचा होता आणि एकूण विक्रीतला २८ टक्के वाटा त्या एकाच गटाचा होता. मुलाबाळांसाठी घेत असतील म्हणावं, तर या मोठ्या खरेदीदारांनी सांगितलं की ७८ टक्के वेळा पुस्तक स्वतःला वाचायलाच घेतलं. तेव्हा तुम्ही या शेल्फसमोर चुकून आलेल्या नाही. तिथे उभ्या असलेल्यांत निम्म्याहून जास्त तुमच्यासारखेच आहेत.

आता मूळ मुद्दा. किशोरवयीन मुलामुलींची गोष्ट म्हणजे किशोर कादंबरी, अशी व्याख्या सगळे करतात. मला ती पुरेशी वाटत नाही. प्रौढांसाठीच्या कितीतरी कादंबऱ्यांत मुख्य पात्र सोळा वर्षांचं असतं. फरक असतो तो सांगणारा कुठे उभा राहून सांगतो आहे यात. दोन वाक्यं बघा, दोन्ही मीच इथे बनवली आहेत.

"त्या उन्हाळ्यात मी सोळा वर्षांची होते आणि तो दिसावा म्हणून दुपारभर गॅलरीत उभी राहायचे, आज त्याचं आडनावही मला पटकन आठवत नाही."

"तीन वाजले. तो आलेला नाही. मी आत जाणार नाही."

पहिल्या वाक्यात दुःख आहे, पण ते निवलेलं आहे. बोलणारी बाई त्यातून सुखरूप बाहेर पडलेली आहे, हे वाक्याच्या उत्तरार्धातच कळतं. दुसऱ्या वाक्यातल्या मुलीला चार वाजता काय होणार आहे ते माहीत नाही. "होईल सगळं ठीक" असं सांगणारं तिथे कुणी नाही, अगदी लेखकही नाही. किशोर कादंबरी हे दुसरं वाक्य तीनशे पानं चालवते. एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' १९६७ साली आली. आधुनिक किशोर कादंबरीची सुरुवात बरेचजण तिथून मोजतात. ती लिहायला घेतली तेव्हा लेखिका १५ वर्षांची होती आणि पुस्तक आलं तेव्हा १८. मागे वळून बघावं एवढं आयुष्यच तिच्या मागे नव्हतं. नंतरच्या, वयाने मोठ्या लेखकांना हा अंतर नसलेला आवाज प्रयत्नपूर्वक कमवावा लागला. प्रथमपुरुषी निवेदन आणि वर्तमानकाळ या प्रकारात इतके दिसतात ते त्यामुळेच.

मोठ्या माणसाला हा आवाज का ओढतो? स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे. चाळिशी ओलांडलेल्या लोकांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावलं, तर साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. त्या काळात बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडतात: पहिलं स्वतःचं मत, मैत्रीत झालेला पहिला दगा, कुणाच्या तरी येण्याने पोटात खड्डा पडणं. तुम्ही आता त्या टप्प्याच्या पुढच्या कडेला आहात. ही पुस्तकं तुम्हाला त्या 'पहिल्यांदा'कडे नेतात. आणि जाताना तुमच्याकडे आणखी एक गोष्ट असते जी पंधरा वर्षांच्या वाचकाकडे नसते. गॅलरीतल्या मुलीबरोबर तुम्ही उभ्या असताच, शिवाय तिच्या मागे दाराशी उभ्या असलेल्या तिच्या आईची घालमेलही तुम्हाला कळते. एकाच पानावर दोन वयांनी वाचता येणं हे मोठेपणी किशोर कादंबरी वाचण्याचं सुख आहे. ते बालिशपणातून येत नाही. त्यासाठी मोठंच व्हावं लागतं.

आता अमानवी प्रेमाकडे येते, कारण तुमचा खरा जीव तिथे आहे.

प्रेमकथेला अडथळा लागतो. पूर्वी लेखकाला तो समाजातून आयता मिळायचा: घराणं, पैसा, दूरदेश, महिनोन् महिने न पोहोचणारी पत्रं. आजच्या काळातल्या दोन तरुण माणसांना एकमेकांशी बोलायला अर्धा मिनिट पुरतं. मग लेखक गैरसमज रचतो, आणि वाचक चिडतो की अगं, एक फोन कर आणि विचार ना त्याला! अमानवी नायक आला की अडथळा पुन्हा खराखुरा होतो. "मी तुझ्या जवळ आलो तर तू मरशील" हे फोन करून सुटत नाही. शिवाय सोळाव्या वर्षी पहिला स्पर्श हा जगण्या-मरण्याचा प्रश्न वाटतोच. मोठे म्हणतात, अतिशयोक्ती करू नकोस. या कादंबरीत तो सरळच जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. त्या वयात भावनेचं जे माप आतून जाणवतं, त्याच मापाने बाहेरचं जग घडवण्याचं काम इथे भुतंखेतं करतात. ती नुसती सजावट असती तर पुस्तक चाळीस पानांत संपलं असतं.

हा शोध नवाही नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ९५वं सूक्त आहे, १८ ऋचांचं. त्यात पुरूरवा आणि उर्वशी बोलताहेत. ती त्याला सोडून गेलेली आहे, तो परत बोलावतो आहे, आणि ती म्हणते, मी वाऱ्यासारखी आहे, हाती लागायला कठीण. शतपथ ब्राह्मणात हीच कथा सविस्तर येते. उर्वशी त्याच्याबरोबर राहते ती अटींवर, आणि त्यातली एक अट अशी की तो तिला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांना ती परत हवी असते. ते रात्री तिच्या पलंगाला बांधलेली कोकरं पळवतात. ती ओरडते, पुरूरवा तसाच उठून धावतो, आणि गंधर्व वीज चमकवतात. त्या एका लखलखाटात तिला तो दिसतो, आणि ती नाहीशी होते. शंतनू आणि गंगेची गोष्टही अटीचीच: मी काहीही केलं तरी विचारायचं नाही. तो सात मुलं नदीत जाताना बघतो, आठव्याच्या वेळी विचारतो, आणि ती जाते. तिकडे दुसऱ्या शतकात अ‍ॅप्युलियसच्या लॅटिन कादंबरीत सायकी नावाच्या मुलीचा नवरा फक्त अंधारात येतो. चेहरा बघायचा नाही अशी त्याची ताकीद असते. ती दिवा घेऊन बघतेच. दिव्यातल्या तेलाचा एक कढत थेंब त्याच्या खांद्यावर पडतो, आणि तो उठून निघून जातो.

वीज, प्रश्न, तेलाचा थेंब. तिन्ही ठिकाणी प्रेम मोडतं ते दुसऱ्याला पूर्ण बघितल्यामुळे किंवा पूर्ण जाणून घ्यायला निघाल्यामुळे. आजच्या अमानवी प्रेमकथेने ही जुनी अट घेतली आणि तिचा निकाल उलटा फिरवला. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली, आणि ती लक्षात आली पुस्तकांच्या बांधणीमुळे.

आमच्याकडे खूप फिरणारी पुस्तकं ठरावीक काळाने पुन्हा बांधायला पाठवावी लागतात. पाठवण्याआधी मी प्रत्येक प्रत कण्यावर उभी धरते आणि दोन्ही हात सोडते, पानं कुठे सुटलीत ते कळावं म्हणून. बरंच वाचलेलं पुस्तक आपोआप एका ठिकाणी उघडतं. किशोर विभागातल्या अशाच एका प्रेमकथेच्या, व्हॅम्पायर नायक असलेल्या, तीन प्रती मी एकाच दुपारी तपासत होते. तिन्ही एकाच पानावर उघडल्या. तिथली शिवण सैल झालेली, खालचा कोपरा मळलेला, एका प्रतीत चहाचा गोल डाग. मला वाटलं, चुंबनाचं पान असणार. ते पुढे वीसेक पानांवर होतं आणि बऱ्यापैकी कोरं होतं. हे पान त्याआधीचं. मुलगी म्हणाली आहे, "तू काय आहेस ते मला माहीत आहे," आणि तो अजून काही बोललेला नाही. पान उलटल्यावर तो बोलतो. वाचकांनी पुन्हा पुन्हा उघडलेलं पान हे त्याच्या न बोलण्याचं होतं.

विचार करा, तो व्हॅम्पायर आहे हे वाचकाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मलपृष्ठावरच छापलेलं असतं! नायिकेला ते कळायला शंभर-सव्वाशे पानं लागतात. आपल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट तिला कळण्याची वाट आपण एवढी पानं का बघतो? कारण तो काय आहे या कोड्यासाठी आपण थांबलेलोच नसतो. त्याला कुणीतरी पूर्ण ओळखेल, आणि ओळखूनही एक पाऊल मागे घेणार नाही, त्या क्षणासाठी आपण थांबलेलो असतो. उर्वशीच्या गोष्टीत उजेड पडला आणि माणूस गेलं. इथे उजेड पडतो आणि माणूस थांबतं. तुम्हाला हे का आवडतं याचं माझं उत्तर मुख्यतः हे आहे. आपल्यात जे कुणाला दाखवण्यासारखं नाही असं आपल्याला वाटतं, ते कुणीतरी बघावं आणि तरी तिथेच बसून राहावं, ही इच्छा सोळाव्या वर्षी असते तशी छत्तिसाव्या आणि साठाव्या वर्षीही असते. माझ्याकडे ही पुस्तकं नेणाऱ्या एक निवृत्त बाई आहेत. त्या प्रत्येक नव्या मालिकेबद्दल मला एवढंच विचारतात, "तिला कळतं कधी?"

राक्षस प्रेम करण्याजोगा कसा झाला याचाही थोडा इतिहास माहीत असू द्या, कारण त्याने वाचन समृद्ध होतं. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरन, कवी पर्सी शेली, पुढे शेलीची पत्नी झालेली मेरी आणि बायरनचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी पावसाने घरात अडकले आणि भुताच्या गोष्टी लिहिण्याची पैज लागली. त्या बैठकीतून पुढे पॉलिडोरीची 'द व्हॅम्पायर' १८१९ साली छापून आली. गावठाणाबाहेरचं फुगलेलं प्रेत ही व्हॅम्पायरची लोककथेतली ओळख मागे पडून तो देखणा, उमराव आणि घातकी झाला तो तिथे. १८९७ साली ब्रॅम स्टोकर यांचा 'ड्रॅक्युला' आला. ती सगळी कादंबरी रोजनिशा, पत्रं आणि कात्रणांतून सांगितली आहे, पण ड्रॅक्युलाची स्वतःची रोजनिशी त्यात कुठेही नाही. सगळे त्याच्याबद्दल बोलतात. १९७६ साली अ‍ॅन राइस यांनी आपल्या कादंबरीत व्हॅम्पायरलाच मुलाखतीला बसवलं आणि तो स्वतः बोलू लागला. माझ्या मते खरं वळण हे आहे. ज्याच्या आतलं बोलणं ऐकू येतं, त्याचं नुसतं भय वाटत राहणं कठीण. १९९१ साली एल. जे. स्मिथ यांनी तो शाळेच्या वर्गात आणला, २००५ साली स्टेफनी मेयर यांची 'ट्वायलाइट' आली, आणि माझं शेल्फ दोन वर्षांत काळ्या मुखपृष्ठांनी भरून गेलं.

इथेच तुमचा दुसरा प्रश्न येतो: सगळं सारखं का वाटतं. एक पुस्तक अफाट खपलं की त्याच्या साच्यातली पन्नास निघतात. नवी मुलगी शाळेत येते, अबोल मुलगा मागच्या बाकावर, दुसऱ्या भागात दुसरा मुलगा, तिसऱ्या भागात युद्ध. साचा वाईट नसतो. अभंगालाही साचा असतो. पण साच्यात जीव आहे की नाही हे ओळखायला मी काही खुणा वापरते.

पहिली आणि माझी सर्वांत आवडती खूण म्हणजे नियम. उदाहरण उन्हाचं घ्या. स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसा रस्त्यावर फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी झालेली असते. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे १९२२ च्या 'नोस्फेरातू' या मूक जर्मन चित्रपटाने रुजवलं. मेयर यांचे व्हॅम्पायर उन्हात चमकतात, म्हणजे मरण्याऐवजी उघडे पडतात. एकच ऊन, आणि तीन लेखकांनी त्याची तीन वेगवेगळी किंमत ठरवली. चांगला लेखक नियम ठरवतो, त्याची किंमत पात्राकडून वसूल करतो, आणि शेवटी स्वतःच्या सोयीसाठी नियम मोडत नाही. शेवटच्या पन्नास पानांत अचानक एखादं ताईत किंवा विसरलेलं वरदान निघालं आणि सगळे अडथळे विरघळले, की समजा लेखक थकला. तुम्हाला आवडलेल्या पुस्तकांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे एका ओळीत लिहा: इथे प्रेमाची किंमत काय होती? ज्यांच्यापुढे लिहायला काही सुचणार नाही, ती पुस्तकं तुम्हाला आठवतसुद्धा नसतील.

दुसरी खूण: तो येण्याआधी तिला काय हवं होतं? साधारण तिसाव्या पानापर्यंत नायिकेला स्वतःची अशी काही ओढ नसेल, एखादी भांडणारी मैत्रीण, एखादं अपुरं काम, कुणावरचा राग, तर पुढे ती त्याच्याभोवती फिरत राहील आणि तुम्ही कंटाळाल. मी नवं पुस्तक विकत घ्यायचं की नाही हे ठरवताना पहिलं प्रकरण वाचतच नाही. पहिल्या प्रकरणावर सगळेच मेहनत घेतात. मी मधलं कुठलं तरी पान उघडते जिथे नायक नाही, आणि ते पान उभं राहतं का ते बघते.

आणखी एक गोष्ट, कारण तुमच्या चिडण्याचं मूळ कदाचित यात असेल. एकाच शेल्फवर दोन वेगळ्या जातीची पुस्तकं असतात. एकीत प्रेमकथा काढली तर काहीच उरत नाही. ती खरी पॅरानॉर्मल रोमान्स, आणि तिच्यात शेवटी दोघं एकत्र येणार हा वाचकाशी केलेला करार असतो. दुसरीत प्रेमकथा काढली तरी खून, शोध, युद्ध शिल्लक राहतं. तिला अर्बन फॅन्टसी म्हणतात, आणि तिथे असा करार नसतो. करार समजून दुसरी वाचली की फसवणूक झाल्यासारखं वाटतं. दोष पुस्तकाचा नसतो, चुकीच्या भुकेने उघडलेलं असतं. तुम्ही पत्रात ज्या मालिकेवर रागावला आहात, ती मला वर्णनावरून दुसऱ्या जातीची वाटते. तिच्याकडे वर्षभराने पुन्हा जा.

आणि तोंडाला तीच चव आली असेल तर मागे जा. शेरिडन ले फानू यांची 'कार्मिला' १८७२ ची आहे, ड्रॅक्युलाच्या २५ वर्षं आधीची. ती छोटी आहे, आणि एका एकाकी मुलीच्या घरी पाहुणी म्हणून आलेल्या मुलीची गोष्ट आहे. आकर्षण आणि भीती एकाच वाक्यात कशी राहते ते तिथे बघायला मिळतं. ती वाचून परत आजच्या कादंबऱ्यांकडे आलात की त्यांनी काय उचललं आणि काय टाकलं ते दिसायला लागेल.

एक अवघड मुद्दा टाळता येणार नाही, आणि भाचीचा प्रश्न त्यातूनच सुटतो. या कथांमधला नायक पुष्कळदा असं वागतो जे खऱ्या आयुष्यात कुणी केलं तर आपण पोलिसांना बोलावू. तो तिच्या नकळत तिच्या खोलीत येतो, तिचा पाठलाग करतो, "तुझ्या भल्यासाठी" म्हणून तिचे निर्णय घेतो. तो शंभर वर्षांचा, ती सतराची. यावर "सोडा हो, गोष्टच आहे" असं म्हणणं मला पटत नाही, आणि म्हणून पुस्तक काढून घ्यावं असंही वाटत नाही. पुस्तकालाच विचारायचं, हे जे चाललंय ते तुला दिसतंय का? काही कादंबऱ्यांत नायिका त्याला अडवते, त्याला ते महागात पडतं, मैत्रीण खडसावते. तिथे लेखिकेला दिसतंय. काहींत हेच सगळं प्रेमाचा पुरावा म्हणून सजवलेलं असतं. दोन्ही वाचता येतात, पण असं सजवणारं पुस्तक तेरा वर्षांच्या मुलीने एकटीने वाचू नये. तिच्याबरोबर कुणीतरी तेच पुस्तक वाचत असावं.

मुलं आपल्याला वाटतात तेवढी भोळी नसतात. एकदा चौदा वर्षांची एक मुलगी अशीच एक मालिका परत करायला आली. मी विचारलं, तो रात्री तिच्या खिडकीतून येतो ते तुला कसं वाटलं? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मला तो पुस्तकात फार आवडतो. माझ्या खिडकीत दिसला तर मी आईला हाक मारीन." पुस्तकातली भीती आणि खिडकीतली भीती यांतला फरक तिला पक्का माहीत होता. तिला एवढंच हवं होतं की कुणीतरी ते विचारावं आणि उत्तर ऐकून पुस्तक जप्त करू नये. मी तिला पुढचा भाग दिला.

भाचीसाठी एक व्यवहाराची सूचना. किशोर विभागाची पुस्तकं साधारण १२ ते १८ वयासाठी असतात, आणि बारा आणि अठरा यांत फार मोठं अंतर आहे. त्यातच २००९ साली सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनाने 'न्यू अ‍ॅडल्ट' हा शब्द पुढे आणला, अठराच्या पुढच्या तरुण पात्रांच्या कथांसाठी. त्यातल्या अनेक फॅन्टसी प्रेमकथांमध्ये शरीरसंबंधांची सविस्तर वर्णनं असतात, आणि मुखपृष्ठं मात्र किशोर कादंबऱ्यांसारखीच: तलवार, मुकुट, वेली, सोनेरी अक्षरं. मुखपृष्ठावर विसंबू नका. तुमच्या कपाटातली पुस्तकं तुम्ही वाचलेली आहेत, तेव्हा निवड तुम्हीच करा. सुरुवातीला एकाच भागात संपणारं द्या, म्हणजे मालिकेच्या ओढीने ती नको तिथवर धावणार नाही. नायक-नायिका दोघं साधारण एका वयाची असलेलं द्या. आणि ज्यात नायिकेला निदान एकदा "नाही" म्हणता येतं आणि ते ऐकलं जातं, असं शोधा. तिने मधूनच सोडलं तर का म्हणून विचारू नका.

बहिणीबद्दल. जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी अमेरिकेतल्या एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रियांशी बोलून १९८४ साली 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिलं. त्या स्त्रियांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की गोष्टीत काय आहे याच्याइतकंच वाचायला बसण्याच्या कृतीला महत्त्व आहे. पुस्तक उघडणं म्हणजे दिवसभर सगळ्यांच्या हाकेला ओ देणाऱ्या बाईने, आता थोडा वेळ मी कुणाला उपलब्ध नाही, असं सांगणं होतं. बहिणीच्या "अजून हेच वाचतेस?" मध्ये पुस्तकाचा विरोध किती आणि तुमच्या त्या मिटलेल्या दाराचा किती, हे एकदा पाहा. पुस्तकाचा असेल तर तिला 'कार्मिला' द्या.

भाचीला मात्र तुमची स्वतःची, खूप वाचून सैल झालेली प्रत देऊ नका. ती तुमच्या पानावर उघडेल. शक्य असेल तर कोरी, न उघडलेली प्रत आणा, तिला द्या, आणि तुमची तुम्ही पुन्हा वाचायला घ्या. तिचं वाचून झालं की पुस्तक कण्यावर उभं धरून हात सोडा, आणि कुठे उघडतं ते दोघी मिळून बघा.